अर्ज म्हणजे मांडणी

(अनसिंग, जि. वाशीम येथे पदवीधर युवक-युवती व त्यांच्या पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘नोकरीच्या अर्जासोबतचे पत्र कसे लिहावे’ हा विषय आपल्या व्याख्यानांच्या परंपरेत सहजी बसणारा नाही, याची मला जाणीव आहे. व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकतो, संतचरित्रे ऐकतो, राष्ट्रचिंतन ऐकतो. त्या तुलनेत एका पानाच्या पत्राचा ऊहापोह किरकोळ वाटावा, हे स्वाभाविक आहे. तरीही संयोजकांनी हा विषय सुचविला तेव्हा मी तो आनंदाने स्वीकारला. आपल्या भागातील शेती बहुतांशी पावसावर चालते. सोयाबीन आणि तुरीच्या भावावर घराचे वर्ष ठरते. पाच एकरांची दोन भावांत वाटणी झाली की एकाने गावाबाहेर पाहणे क्रमप्राप्त ठरते. तो मुलगा वाशीमला, अकोल्याला किंवा पुण्याला पोहोचण्याआधी त्याचे पत्र तेथे पोहोचलेले असते. पत्र वाचणाऱ्याने त्याला पाहिलेले नसते, त्याचा आवाज ऐकलेला नसतो, त्याच्या वडिलांची गावातील पत त्याला ठाऊक नसते. त्याच्यासमोर असतो तो केवळ एक कागद. निवड समित्यांत बसून अर्ज वाचण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, गुणवत्तेत कोठेही उणी नसलेली आपली मुले या कागदावर मागे पडतात.

एक खुलासा आरंभीच करतो. शासकीय भरतीत अर्जाचा नमुना ठरलेला असतो, परीक्षा ठरलेली असते. तेथे पत्राला फारसा वाव नाही. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनी तो अवश्य करावा. परंतु त्या परीक्षांच्या जागा मोजक्या आणि बसणारे लाखो, हे गणित घराघरांत एकदा शांतपणे मांडले गेले पाहिजे. आजचे माझे बोलणे खाजगी आस्थापना, सहकारी संस्था, पतसंस्था, शाळा, रुग्णालये आणि कारखाने यांच्यासंबंधी आहे. तेथे माणूस माणसाला निवडतो आणि म्हणून पत्राला अर्थ असतो.

‘अर्ज’ हा शब्द मुळात अरबी. त्याचा अर्थ समोर ठेवणे, मांडणे, सादर करणे. कालौघात आपण त्याला विनंतीची जोड दिली, ‘अर्जविनंत्या’ असा जोडशब्द रूढ झाला आणि अर्ज म्हणजे हात पसरणे अशी समजूत मनात घर करून बसली. त्या समजुतीतून जे पत्र जन्माला येते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करतो की, मी एक प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू तरुण असून माझी घरची परिस्थिती हलाखीची आहे. तरी कृपया मला सेवेची संधी द्यावी.’ शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नाला गुण मिळविण्यासाठी हा साचा उपयोगी पडला असेल. नोकरीच्या पत्रात तो घातक ठरतो.

का, ते पाहू. प्रामाणिक, कष्टाळू, होतकरू ही तिन्ही विशेषणे प्रत्येक पत्रात असतात. शंभर पत्रांत एकच वाक्य आले की ते कोणाबद्दलच काही सांगत नाही. दुसरे, घरची परिस्थिती. ती खरी असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ज्या घरात कर्जाचा हप्ता थकला आहे त्या घरातील मुलाला ती सांगावीशी वाटणे हेही मानवी आहे. पण ज्याने जाहिरात दिली त्याच्यापुढे त्याची स्वतःची एक अडचण उभी असते. त्याच्या गोदामात मालाची नोंद चुकते आहे, त्याच्या शाळेत गणिताचा शिक्षक नाही, त्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला माणूस मिळत नाही. ती अडचण सोडविणारा माणूस तो शोधत असतो. त्याच्या हाती आपली अडचण ठेवून आपण त्याचे ओझे वाढवितो. वाचणारा सहृदय असला तर हळहळतो आणि पुढचे पत्र हाती घेतो.

आपल्याच मराठी मुलखातील एका पत्राची कथा या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांना परिचित आहे. त्यांच्या पत्रांचा मात्र या दृष्टीने फारसा विचार झालेला नाही. १८७८ साली त्यांचे पती गोपाळराव जोशी यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवावे आणि तेथे आपल्यालाही काही काम मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. वाइल्डर यांच्या उत्तरात ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा आग्रह होता. जोशी दांपत्याने तो मानला नाही आणि त्या पत्रातून नोकरीही निघाली नाही, प्रवेशही निघाला नाही. पुढे तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आला आणि दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना लिहिले, स्नेह जुळला आणि पुढे आनंदीबाई न्यू जर्सीतील रोझेल या गावी त्यांच्याच घरी उतरल्या. तेव्हा गोपाळरावांचे पत्र वाया गेले असे म्हणता येणार नाही. परंतु ज्यासाठी ते लिहिले गेले ते काम त्याने केले नाही, हेही खरे. त्या पत्रात दोन माणसांच्या दोन मागण्या होत्या, आणि ज्याच्या हाती थेट काहीच देणे नव्हते अशा तिसऱ्या माणसाकडे त्या केलेल्या होत्या. कोणा तरी मोठ्या माणसाला गळ घालावी आणि त्याने आपले काम करून द्यावे, ही वृत्ती आपल्याकडे आजही दिसते. वशिला शोधण्यात जे महिने जातात त्यांत चांगली दहा पत्रे लिहून होतात.

आता आनंदीबाईंचे स्वतःचे पत्र पाहा. २८ जून १८८३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशासाठी पत्र पाठविले. वय अवघे अठरा वर्षांचे. अमेरिकेत पाऊल ठेवून महिनाही झालेला नव्हता. ते पत्र अभिलेखागारात आजही जतन केलेले आहे. पत्र नोकरीसाठी नव्हते, प्रवेशासाठी होते. पण अनोळखी माणसाने अनोळखी संस्थेला स्वतःची ओळख कशी करून द्यावी, याचा त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही. प्रवेशाच्या सर्व अटी मी पूर्ण करीनच असे नाही, हे त्या स्वतःहून सांगतात. आपले प्रकरण नेहमीपेक्षा वेगळे आहे, तेव्हा संस्थेने सवलतीने विचार करावा, असे म्हणतात. नंतर बलस्थाने येतात. प्रकृती चांगली आहे, आणि स्वकीयांचा व जातिबांधवांचा एकत्रित विरोध पत्करून जो निश्चय आपल्याला इथवर घेऊन आला तो पुढेही साथ देईल. शेवटी प्रयोजन येते. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी हे शिक्षण हवे आहे.

या मांडणीतील एक गोष्ट मुद्दाम नजरेस आणतो. ‘मी निश्चयी आहे’ एवढेच लिहून त्या थांबल्या नाहीत. निश्चयाचा पुरावा त्यांनी दिला, आणि तो पुरावा म्हणजे समुद्र ओलांडून त्या तेथे उपस्थित होत्या. होतकरू हा शब्द न वापरता होतकरूपणा कसा सांगावा, ते इथे दिसते. आणखी एक. ज्या संस्थेला त्या लिहीत होत्या ती स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठीच उभी राहिलेली होती. आनंदीबाईंचे प्रयोजन आणि संस्थेचे प्रयोजन एका रेषेत आले. प्रवेश मिळाला, आर्थिक साहाय्यही मिळाले आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला आणि ते काम त्यांच्या हातून व्हायचे राहून गेले. तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे पत्र सरळसरळ नोकरीचे आहे, तेही कारकुनाच्या. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागाकडे अर्ज केला. पत्र जेमतेम पाच-सहा वाक्यांचे. आपल्या कार्यालयात कारकुनाची जागा रिकामी असल्याचे समजले, तिच्यासाठी अर्ज करतो आहे. मॅट्रिक उत्तीर्ण आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो, काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही. मात्र सर्व वेळ गणितात घालवतो आहे. नेमणूक झाल्यास कामाला न्याय देईन असा विश्वास आहे. बस. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडले होते. १ मार्च १९१२ पासून ते कामावर रुजू झाले, पगार महिना तीस रुपये. एफ.ए. अपुरे राहिल्याचे त्यांनी लपविले नाही आणि त्यावर रडगाणेही गायिले नाही. अर्ध्या वाक्यात ते सांगून टाकले आणि लगेच आपण काय करतो आहोत याकडे वळले. ज्यांचे एखादे वर्ष वाया गेले आहे किंवा शिक्षणात खंड पडला आहे त्यांनी हे अर्धे वाक्य लिहायला शिकावे. खंड लपविला तर मुलाखतीत तो बाहेर येतोच, आणि मग बाकी सगळ्यावरचा विश्वास उडतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, एका डाळमिलला किंवा धान्यखरेदी करणाऱ्या कंपनीला गोदामात नोंदी ठेवण्यासाठी सहायक हवा आहे. जाहिरातीत तीन गोष्टी आहेत: पदवी, संगणकाचे ज्ञान आणि हंगामात उशिरापर्यंत थांबण्याची तयारी. अनसिंगचा एक वाणिज्य पदवीधर पत्र लिहितो. त्याने कसे लिहावे? माझ्या मते साधारण असे:

‘आपण गोदाम सहायक या पदासाठी दिलेली जाहिरात वाचली. मागील दोन हंगामांत मी आमच्या भागातील एका खरेदी केंद्रावर सोयाबीन व तुरीच्या आवकेची नोंद ठेवली आहे. वजनकाट्याची पावती, मालातील ओलाव्याचे प्रमाण आणि शेतकऱ्याच्या खात्याचा तपशील संगणकावर भरणे आणि दिवसअखेर आवक व साठा यांचा मेळ घालणे हे माझे काम होते. गर्दीच्या दिवसांत रात्री दहापर्यंत थांबून त्या दिवसाचा हिशेब त्याच दिवशी पूर्ण करण्याचा प्रघात आम्ही पाळला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. टॅली मी शिकलो आहे, परंतु प्रत्यक्ष कंपनीच्या हिशेबात ते अद्याप वापरलेले नाही. आपल्या सोयीनुसार भेटीस येऊ शकेन. केंद्रप्रमुखांचे पत्र सोबत जोडले आहे.’

यात विशेषण एकही नाही. तरीही हा मुलगा कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, हे वाचणाऱ्याला कळते, आणि ते त्याचे त्याला कळले असल्यामुळे त्यावर तो अधिक विश्वास ठेवतो. जाहिरातीतील तिन्ही गोष्टींना उत्तर मिळाले आहे. येत नसलेली गोष्टही सांगितली आहे. ओलाव्याचा उल्लेख पाहून त्या धंद्यातील माणूस क्षणभर थांबेल, कारण सोयाबीनची खरेदी बारा टक्के ओलाव्याच्या निकषावर कशी अडते, त्यावरून काट्यावर कसे वाद होतात, हे त्याने रोज पाहिलेले असते. या मुलाने ते वाद पाहिले आहेत, एवढे त्याला पुरते. शहरातल्या पदवीधराजवळ हे नसते. आपण मात्र गावातले काम ‘अनुभव’ या सदरात धरतच नाही आणि त्या रकान्यात ‘निरंक’ लिहून मोकळे होतो.

भगिनींच्या बाबतीत तर हे अधिकच घडते. बचत गटाची वही पाच वर्षे बिनचूक सांभाळणारी, बँकेत जाऊन कर्जाचे हप्ते भरणारी, दहा-बारा बायकांच्या सभेचे इतिवृत्त लिहिणारी मुलगी पतसंस्थेत अर्ज करताना लिहिते: अनुभव नाही. गणेशोत्सवाचा जमाखर्च ज्याने पावतीनिशी मांडला, रक्तदान शिबिरात शंभर दात्यांची नोंद आणि चहापाण्याची व्यवस्था ज्याने निभावली, त्यानेही ते लिहावे. फक्त ‘सामाजिक कार्याची आवड’ असे लिहू नये. किती माणसे, किती दिवस, आपल्याकडे नेमके काय होते, एवढे लिहावे. मात्र जे केले नाही ते लिहू नये. पाच हजारांचा जमाखर्च पाच लाखांचा करू नये. ज्या कामातून माणूस घडला त्याच कामाबद्दल खोटे लिहून त्याची किंमत घालवू नये.

भाषा कोणती असावी, हा प्रश्न दर वेळी विचारला जातो. ज्या भाषेत जाहिरात असेल त्या भाषेत पत्र असावे, हा साधा नियम. इंग्रजीचा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही आणि आठवीच्या पुस्तकातील जडजंबाल वाक्ये उसनी आणण्याचेही नाही. या जिल्ह्याला त्याचा फार जुना दाखला आहे. १९३९ साली वाशीमला वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास करून तो प्रकाशात आणला. सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा लेख. त्यात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आहे, पण दानाचा प्रत्यक्ष तपशील, म्हणजे कोणाला काय दिले हा व्यवहार, प्राकृतात आहे. कोठून लिहिले, कोणी लिहिले, कोणाला काय, कोणत्या वर्षी, सारे जागच्या जागी. व्यवहाराचा भाग समजेल अशा भाषेत असावा, हे वत्सगुल्मच्या राजदरबाराला कळत होते. आपल्या इंग्रजी पत्रातही छोटी, स्वच्छ, चूक होणार नाही अशी वाक्ये लिहावीत आणि गावातील इंग्रजीच्या शिक्षकांकडून ती एकदा तपासून घ्यावीत.

पत्राच्या रूपाविषयी थोडे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, आरंभीचे अक्षर आणि अखेरचे अक्षर सारखेच नेटके दिसावे, इतक्या बारकाव्याने ते सांगतात. आज पत्र बहुधा ई-मेलने जाते. तरीही तो बारकावा सुटत नाही. ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा, लहानपणी गमतीने घेतलेला नसावा. विषयाच्या ओळीत पदाचे नाव असावे. जोडलेल्या कागदाच्या फाइलला आपले नाव द्यावे. संस्थेचे नाव बिनचूक लिहावे. दुसऱ्या संस्थेला लिहिलेले पत्र तसेच पुढे ढकलताना जुने नाव राहून जाते आणि तेथेच सारे संपते. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरीसाठी पत्र लिहिले, त्याचा मसुदा आज उपलब्ध आहे. तो लिओनार्दोच्या हस्ताक्षरातील नाही, असे अभ्यासक मानतात. चांगले अक्षर असणाऱ्याकडून त्याने तो लिहवून घेतला असावा. त्या पत्राची गंमत पुढेच आहे. मिलानला युद्धाची चिंता होती, म्हणून हा पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार पूल, तोफा आणि सुरुंग यांविषयी कलमामागून कलम लिहितो. चित्रकलेचा उल्लेख अगदी अखेरीस येतो.

अलीकडे संगणकाला सांगितले की तो क्षणात पत्र लिहून देतो. व्याकरण तपासण्यासाठी त्याची मदत जरूर घ्यावी. पण खरेदी केंद्रावर रात्री दहापर्यंत कोण थांबले होते, हे त्याला माहीत नसते. ते सांगितले नाही तर तो पुन्हा प्रामाणिक, कष्टाळू आणि होतकरूच लिहितो, फक्त अधिक सफाईदार भाषेत.

पालकांना एक विनंती आहे. मुलाचे पत्र त्यालाच लिहू द्यावे. ‘आम्ही साहेबांना सांगून ठेवले आहे’ हे वाक्य घरात उच्चारले गेले की त्या पत्रातला जीव जातो. आणि उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी दोन ओळींची विचारणा करावी. त्यात कमीपणा नाही. कोणी नेमणुकीपूर्वी ठेव किंवा नोंदणी म्हणून खाजगी खात्यावर पैसे मागितले तर तेथेच थांबावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे.

संयोजकांनी आपल्याला तयार अर्ज सोबत आणण्यास सांगितले होते. ज्यांनी आणले आहेत त्यांनी ते या टेबलावर ठेवावेत, नाव झाकून ठेवले तरी चालेल. ज्यांनी आणलेले नाहीत त्यांनी कोरा कागद घेऊन मागील दोन वर्षांत आपण प्रत्यक्ष केलेल्या पाच कामांची नोंद करावी. चहा होईपर्यंत माझे वाचून होईल, नंतर एकेकाशी बोलू.